दारातला तुकडा

ता. ४ मार्च

चि. खटपट्यास,
अ. आ.

शिवण बाजूला सारून लिहिते आहे. तुझ्या दाजींना लढाईवरून परत येऊन चार महिने झाले, पण मी म्हणते, ते अजून घरी आलेच नाहीत. दुकानात, कापड बेतायच्या टेबलावरच झोपतात. घर आणि दुकान यांच्यात एकच दार, तेही उघडंच. पण ते ओलांडत नाहीत. उजवा हात मनगटापासून गेला, तो कायम खिशात. जेवायलाही पाठमोरे बसतात. आता नवऱ्याचं तोंड पाहायचं तर गिऱ्हाईक बनून जावं लागेल.

परवा पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं. तुझ्या थिएटरात घरी परतणाऱ्या सैनिकांचा तो जुना सिनेमा लागलाय ना, तो बघायला एकटेच येणार म्हणतात. लग्नानंतर आम्ही दोघांनी पाहिला होता. त्यातला एक जण पाय गमावून येतो, म्हणून मला धास्ती वाटते. तू तिथे आहेस, सांभाळून घे. आणि वेळेवर जेव. त्या सिनेमाच्या मशीनला तेल घालायचं तेवढं तुझ्या लक्षात राहतं.

काळजीत असलेली,
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी ऐक, मग रागाव. मी अतिशहाणपणा केला. दाजी यायच्या आदल्या दिवशी त्या पाय गेलेल्या सैनिकाचा घरी पोचण्याचा तुकडाच रिळातून कापला आणि टोकं जोडून टाकली. बाकी कुणाला कळलं नाही, दाजींना कळलं. खेळ सुटल्यावर जिना चढून माझ्या खोलीत आले आणि दाराचा भाग कुठे गेला म्हणून विचारलं. तेवढ्यासाठीच आले होते. तो माणूस दारात थबकतो इथवर त्यांना आठवत होतं. पुढे आत कसा गेला, तेच आठवत नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापलेला तुकडा शोधून काढला, पण घाईत टोकं जुळेनात. तेव्हा दाजींनी उजवा हात खिशातून बाहेर काढला, मनगटाने फिल्म दाबून धरली आणि डाव्या हाताने टोक सरळ केलं. शेवटी शिंपीच ते, जोड सुरेख बसला. मग रिकाम्या थिएटरात त्यांच्या एकट्यासाठी तेवढं रीळ चालवलं. तो सैनिक स्वतःच्याच घराचं दार वाजवतो गं. बायको उघडते, तो आत जातो, एवढंच. दाजी तसेच एसटी पकडायला गेले. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. काय झालं ते कळव.

तुझा मूर्ख भाऊ

ता. १६ मार्च

चि. खटपट्यास,
अ. आ.

रागावले नाही. तुझ्या पत्राआधीच ते पोचले होते, म्हणून तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी मी आत काजं करत बसले होते, तर दुकानाकडच्या दारावर टकटक. बघते तर हे उभे, दार सताड उघडं, आणि उजव्या मनगटाने वाजवतायत. म्हटलं, यांना झालंय तरी काय. मी आत या म्हटलं, तर हलेनात. मान खाली घालून पुन्हा वाजवलं.

तेव्हा मला तो सिनेमा आठवला. मी उठले, आधी दार लावून घेतलं, आणि मग उघडलं.

आम्हा दोघांचा जीव आहे तुझ्यावर,
ताई