तेल अ, तेल ब

३ जून १९९४
संध्याकाळी समोर शिवरामच्या ओट्यावर अकरा माणसं. मुद्दाम मोजली नाहीत, खिडकीतून दिसतातच. सगळ्यांचे गुडघे उघडे आणि शिवराम एकेकाला निर्गुडीचं तेल चोळून देतोय. फुकट. इंटरला दोनदा नापास झालेला माणूस! सकाळी घाटावर श्राद्धं सांगतो, संध्याकाळी डॉक्टर. मी एम.एस्सी., बावीस वर्षं कॉलेजात बॉटनी शिकवतोय. माझ्या ओट्यावर गाय बसते.
अकरावी व्यक्ती शरदिनी. माझी बायको.

४ जून
शरदिनीला शांतपणे समजावलं. अमक्याला बरं वाटलं, तमकीला आराम पडला, हे सगळे किस्से. किस्से म्हणजे पुरावा नव्हे. ती म्हणाली, पुरावा गुडघ्याला चोळता येत नाही. हे वाक्य तिचं नाही. शिवरामचं असणार.

८ जून
ठरलं. वैज्ञानिक प्रयोग. गल्लीतले वीस गुडघेवाले. दहा जणांना शिवरामचं तेल, ते 'अ'. दहा जणांना दुकानातलं साधं सरसोंचं, ते 'ब'. बाटल्या सारख्या. कुणाला कुठलं ते फक्त मला ठाऊक. दोन्ही सारखीच ठरणार, म्हणजे शिवरामचं पितळ उघडं. निकाल गणेशोत्सवात, मंडळासमोर. शिवरामसमोर. शरदिनीसमोर.
तिला प्रयोगात घेतलं नाही. घरची माणसं घेतली की निकाल बिघडतो.
यात मत्सराचा प्रश्नच नाही. मत्सर बरोबरीच्या माणसाचा वाटतो.

१० जून
शिवरामकडे तेल मागितलं. कशाला म्हणून विचारेल, तर उत्तर तयार होतं. विचारलंच नाही. मोठा डबा भरून दिला, वर चहा पाजला. म्हणाला, नरहर, और लागलं तर नुसता आवाज दे. असल्या चांगुलपणाचा फार त्रास होतो.

१२ जून, पहाटे ५
'कसं वाटतंय' विचारून विज्ञान होत नाही. माप हवं. मला सुचलेलं माप असं: स्नान आटपून पाण्यापासून वर गल्लीपर्यंत येताना माणूस दम खायला किती वेळा थांबतो. गंगेकाठी दुर्गाघाटाच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसलो. आनंदीबाई सात वेळा. दत्तात्रेय मास्तर पाच. वीस जणांची सरासरी ५.८.
इतकं सोपं, इतकं बिनचूक. शिवरामला सात जन्मांत सुचलं नसतं.

२६ जून
रोज प्रत्येकाच्या घरी जाऊन चौकशी करतो. लोक वाट बघत असतात. आनंदीबाईंनी बेसनाचा लाडू दिला. मास्तर म्हणाले, सगा मुलगाही इतकं विचारत नाही.
शिवरामच्या ओट्यावर आज फक्त सात. शरदिनी आहेच.
सकाळचा चहा हल्ली मलाच करावा लागतो. तिला उठायला उशीर होतो. आळस वाढलाय.

१० जुलै
सरासरी ३.९. दोन्ही गटांना उतार. हे अपेक्षित नव्हतं. दोन्ही सारखे असावेत हे ठीक, पण सारखे बरे?
पाऊस चिक्कार. वही भिजली. बसायची जागा दोनदा वर सरकवावी लागली.

२४ जुलै
आज तीनदा हिशेब तपासला. गट अ: २.३. गट ब: १.९.
ब पुढे! म्हणजे माझं तेल!
दुकानातलं साधं तेल आहे हे खरं, पण बाटल्यांत मी माझ्या हातानं भरलं. एखादं सत्य समोर आलं तर वैज्ञानिकाने ते नाकारू नये.

८ ऑगस्ट
सरासरी ०.४. आनंदीबाई एकदाही न थांबता वर आल्या आणि गल्लीत उभं राहून सगळ्यांना सांगितलं की घुटना एकदम हलका झालाय, नरहरच्या हाताला यश आहे. त्यांचा अनुभव लिहून घेतला. बाकीच्यांचेही घेतले. चौदा पानं भरली. हे किस्से नव्हेत. किस्से शिवरामकडे असतात. हे केस रिपोर्ट्स आहेत.
संध्याकाळी माझ्या ओट्यावर नऊ माणसं, शिवरामकडे चार. गाय हाकलावी लागली. किती वर्षांनी पोटभर जेवलो.
शरदिनी वर खिडकीत बसून होती. खाली ये, बघ तरी, म्हटलं. जिना नको वाटतो म्हणाली. तिला माझं कौतुक बघवत नाही.

१४ सप्टेंबर
सकाळी: मंडपात माझा तक्ता लागला. अक्षरं लाल, आकडे काळे. भाषण बावीस मिनिटं. शेवटचं वाक्य पाठ.

दुपारी: सगळं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
भाषण उत्तम झालं. टाळ्या भरपूर. मग शिवराम उठला. आधी म्हणाला, नरहरने फार मेहनत केली, घाटावर तीन महिने कोण बसतं? मग चाचरत विचारलं की जूनमध्ये पाण्यापासून गल्लीपर्यंत पायऱ्या किती होत्या, आणि आता किती उरल्यात.
मी वही उघडली. गंगा दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर चढत होती. मी पाट उचलून वर सरकत होतो. थांबे मोजले, पायऱ्या नाही.
अख्खा मंडप हसला. सगळ्यात मोठ्यानं आनंदीबाई.
शिवराम हसला नाही. म्हणाला, माझंही तेच आहे भाई, दरसाल सावनात माझ्या तेलाला यश येतं आणि कार्तिकात पाणी उतरलं की हीच मंडळी लंगडत परत येतात. मी चोळून देतो, दोन गोष्टी विचारतो, बस. त्याला माझ्याहून जास्त टाळ्या. मी सिद्ध करून हरलो आणि हा कबूल करून जिंकला. जळलो. आज लिहूनच टाकतो, जळलो.

१६ सप्टेंबर
तक्ता नजरेआड करावा म्हणून शरदिनीच्या कपाटावर ठेवायला गेलो. तिथे मोठा तपकिरी लिफाफा. आत गुडघ्यांचा एक्सरे. नाव शरदिनीचं. तारीख २१ जुलै.
विचारलं. ती म्हणाली, शिवरामभावोजींनीच सांगितलं की वहिनी, हे तेलाचं काम नाही, डॉक्टरला दाखवा. ते आणि प्रेमलावहिनी, दोघं नवराबायको, रिक्षानं घेऊन गेले. सांधे झिजलेत. गोळ्या चालू आहेत.
मला का सांगितलं नाहीस, म्हटलं. म्हणाली, तुम्ही घाटावर होतात. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.
वही काढून २१ जुलै बघितला. आनंदीबाई, थांबे दोन, घरी जाऊन चौकशी केली, चहा घेतला.
डॉक्टरची चिठ्ठी मागितली. मी सायन्सचा माणूस, निदान वाचून तरी बघतो म्हटलं. ती म्हणाली, चिठ्ठी घरात नाही. शिवरामभावोजींकडे असते. महिन्याच्या गोळ्या तेच आणून देतात.
आता ती मागायला त्याच्याच ओट्यावर जायचं.