फोन आला की गेम थांबतो

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून काम सुरू. कॉलेजात मी आणि वीरधवलनं बनवलेला बैलगाडा शर्यतीचा गेम कॉम्प्युटरवरून मोबाईलवर आणायचा. वीरधवल आता फौजेत, तिथं त्याच्याकडं मोबाईलच. पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय, तेव्हा हातात द्यायचा. गेम जावा भाषेत लिहिलेला, अँड्रॉइडलाही जावा कळतं. नुसतं इकडून उचलून तिकडं ठेवायचं. शुक्रवारपर्यंत संपेल.

आयेशा पहिल्या बाळंतपणाला मिरजेला माहेरी गेली. मलकापूरच्या घरात मी एकटा. कामाला बरं.

५ नोव्हेंबर, बुधवार
उचलून ठेवलं. एररच एरर. खिडक्या उघडणारा सगळा कोड मोबाईलवर बाद. राइट क्लिकही नाही, बोटाला उजवं बटण नसतं. सगळं पुन्हा लिहितोय. याला उशीर म्हणायचं नाही, पाया पक्का होतोय.

सासऱ्यांचा, रहिमानमामूंचा फोन. आयेशाचं बीपी वाढलंय, कवाबी अॅडमिट करावं लागंल म्हणाले. फोन तेवढा चालू ठेवा, लय काय मागत न्हाई. माझा फोन कधी बंद असतो?

८ नोव्हेंबर, शनिवार
बैल पळाले! माझ्या फोनवर! शेवटच्या वळणावर होतो आणि आयेशाचा फोन आला. डोकं ठणकतंय, पाय सुजलेत, कवा येतासा म्हणाली. उद्या नक्की, म्हणालो. फोन ठेवला तर गेमची स्क्रीन काळी. बैल गायब.

९ नोव्हेंबर, रविवार
मिरजेला निघणारच होतो. पण काळ्या स्क्रीनचं कारण आधी शोधलेलं बरं. सापडलं. फोन आला की अँड्रॉइड गेमला झोपवतं, आणि उठल्यावर गेमला काहीच आठवत नाही. कॉम्प्युटरवर असं कधी झालं नाही, कारण कॉम्प्युटरला कुणी फोन करत नाही. यात माझ्या कोडची काही चूक नाही. मोबाईलला फोन येतात हीच मुळात अडचण आहे.

आयेशाचा पुन्हा फोन. गेमची टेस्ट चालू होती, उचलला नाही. मग मेसेज आला, डोळ्यांपुढं अंधारी येतीया. पाणी पी, असं लिहिलं लगेच.

११ नोव्हेंबर, मंगळवार
इलाज सापडला. फोन विमान मोडवर, वायफाय चालू, नोटिफिकेशन सगळ्या बंद. स्क्रीन काळी होतच नाही! मोठमोठ्या कंपन्यांना हे कसं सुचलं नाही? गेमच्या सुरुवातीला एक सूचना टाकू, शर्यत चालू असताना फोन घेऊ नये.

रात्री मोड काढायचा.

१२ नोव्हेंबर, बुधवार
मोड काढायचा राहिला. पण दिवसभर गेम एकदाही अडला नाही. मिरजेहूनही फोन नाही. आयेशा आता बरी दिसतेय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आजही कुणाचा फोन नाही. मामूंना कळलं असावं, कामाच्या माणसाला सारखं उठवायचं नसतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी दारात वीरधवल. मी गेम लावून फोन पुढं केला. त्यानं हात लावला नाही. लय फोन लावलं रं तुला समद्यांनी, म्हणाला.

आयेशाला बुधवारी झटके आले. घाईनं ऑपरेशन झालं. मामूंनी मला फोन करून करून शेवटी वीरधवलला लावला, तो तेव्हा सुट्टीवर येताना रेल्वेत होता. मिरजेला उतरला तो सामानासकट थेट हॉस्पिटलात. रक्त त्यानं दिलं. मुलगी झाली आहे. दोघी वाचल्या.

त्याच्या गाडीवर मागं बसून गेलो.

आमच्यात जन्मलेल्या बाळाच्या कानात अजान देतात. ती मी द्यायची असं आयेशानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मामूंनी माझी वाट बघितली, मग स्वतःच दिली. हे त्यांनी न रागावता सांगितलं.

आयेशानं डोळे उघडले. गेम झाला का, विचारलं. झाला, म्हणालो. तिच्या कुशीतल्या मुलीला घ्यायला वाकलो. आयेशानं मुलीवर हात ठेवला आणि मामूंना हाक मारली.