जाळीच्या मुखवट्यामागचा खेळाडू

तीर्थस्वरूप धर्मपालमामांस,

सोलापूरहून सुमितचा सविनय जयभीम. तुमची तब्येत ठणठणीत आहे, हे या आठवड्यात मी जितक्या लोकांना सांगितलं तितकं कोणत्याही डॉक्टरने सांगितलं नसेल. मामींचा राग उतरला असेल तर त्यांना नमस्कार कळवा. नसेल तर पत्र बाजूला नेऊन वाचा. (फोन त्याच उचलतात, म्हणून हे पत्र.)

झालं असं की, शाळेत जिल्ह्यातल्या पहिल्या बेसबॉल संघाचा फोटो सापडला आणि त्या संघाच्या रविवारच्या गौरव सोहळ्यासाठी खेळाडू ओळखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (क्रीडाशिक्षकाला दुसरं काम काय, असं आमच्या मुख्याध्यापिकांचं मत.) त्यात तुम्ही आहात, तेव्हा आधी तुम्हांलाच विचारायला हवं होतं, हे मामींनी ऐकवलंच. पण मी उत्साहाने भवानी पेठ पालथी घातली. बेसबॉल कशाशी खातात हे तिथे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. फोटोतला माणूस आपला चुलता आहे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. कशीबशी नावं जुळवली. फ्लेक्सवाल्याने फोटोचं वय बघून सरसकट सगळ्यांना 'कै.' लावलं आणि मी न वाचताच होकार दिला.

फ्लेक्स चौकात लागताच आपल्या गल्लीतली मंडळी शाळेवर आली. मला वाटलं, मामा जिवंत आहेत म्हणून भांडायला आली. छे! आपल्या बौद्धांत 'कालकथित' लिहितात, 'कै.' कसं लिहिलं, यावरच सगळे तापले. मी घाबरून तेवढी दुरुस्ती केली. ती टेंभुर्णीच्या पाहुण्यांनी मोबाइलवर पाहिली आणि ते हार घेऊन थेट अकलूजला तुमच्या दारात! (त्यांना चहा तुम्हीच दिलात म्हणे. मन मोठं लागतं, मामा.)

तर रविवारी याच. तुम्हांला मंचावर पाहिलं की लोकांची खात्री पटेल. शिवाय एक खेळाडू ओळखायचा राहिलाय. तो फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा कॅचर, तोंडावर जाळीचा मुखवटा. संघातले हयात तुम्ही एकटेच; तो कोण, हे तुम्हीच सांगू शकता.

तुमचा (तूर्त तोंड लपवून फिरणारा) भाचा,
सुमित

ता.क. फ्लेक्सवर तुमच्या नावाआधीच्या 'कालकथित'वर मी कागद चिकटवलाय. वारा सुटला की तो उडतो. मामींना त्या चौकातून आणू नका.

ता.क. २. पेठेतल्या वैजयंतीबाई म्हणतात, तो कॅचर म्हणजे त्यांचे वारलेले यजमान. बाजाराला जाताना रोज फ्लेक्ससमोर थांबतात. काल मला म्हणाल्या, "घरात त्यांचा एक बी फोटू न्हाय. जाळीआड का हुईना, हाईत की हितं." रविवारी त्यांना पहिल्या रांगेत बसवणार आहे. मामा, तुम्ही या. पण तो दुसराच कोणी असला, तर वयोमानाने आठवत नाही म्हणा.