दहाव्याचा व्हिडिओ

शुक्रवार, संध्याकाळ. मस्कत.

बाबांच्या दहाव्याचा व्हिडिओ दादाने म्हसळ्याहून पाठवला, पण पिंड ठेवला की तिथेच अडकायचा. नुसतं गोल फिरत राहायचं. आई फोनवर म्हणालेली, "शिवला रं बाला कावळा, लगेच शिवला." तरी मला बघायचंच होतं. का, कुणास ठाऊक.

खोलीतला सलीम म्हणाला, "भावा, मोबाईल भरलाय तुझा. जागा कर, मग ॲप अपडेट मार."

जुने पिक्चर उडवले, अपडेट केलं. आज चालला.

पिंड तसाच. काका हात जोडून म्हणतायत, "धाकटा येईल, रजा मिळाली की येईल." कावळा झाडावरच. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आत्ता आईचा फोन आला. सांगितलं, व्हिडिओ अजून अडकतोच.