जरासा फिका निळा

अहो,

शाळेने ठरवून दिलेल्या त्या एकाच दुकानात युनिफॉर्म आणायला चाललेय. हो, दुप्पट किमतीत! तुम्ही बाजारातून स्वस्तात स्कर्ट आणून केवढी शेखी मिरवलीत, पण तो शाळेच्या निळ्याहून जरासा फिका निघाला. कापड तेच, शिलाई तीच, तरी चालत नाही म्हणे. आग लागो त्या रंगाला! आणि उद्या शाळेत जाऊन तावातावाने भांडू नका, मला तिथेच नोकरी करायची आहे.

लेक आतल्या खोलीत रुसून उपाशी बसलीय. तुम्हीच तिची समजूत काढून जेवायला घाला. माझं तोंडही बघायला ती तयार नाही. आज सकाळी फिक्या निळ्यातल्या मुलींना रांगेतून बाहेर काढायची ड्यूटी माझी होती.