सेल उतरल्यावरचं भजन

बाबा, खंजिरी नीट शिकवून गेला असता तर आज माझा एवढा जीव वैतागला नसता. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, मी पन्नाशीला टेकलो, तरी तुमच्यावर चिडायची पाळी संपत नाही.

आई खाटेला लागली आहे. पेज तेवढी पोटात राहते. धाकट्यानं ऊर्जानगरहून तिच्यासाठी टेप आणला, सोबत भजनांची कॅसेट. गाणारा कुठल्या तरी शहरातला, मागे नाना वाद्यांचा गलबला. आईनं दोन भजनं ऐकली आणि म्हणाली, "याले कोनं मारलं का बाप्पा? देवापुढं इतका कायले रडते?" धाकटा चिडला. "भाऊ, आता गावात खंजिरी वाजवनारा राह्यला कोन? उद्या काही झालं तं हाच कामी येईन." हे तिच्या उशाशी बसून बोलला. त्याला कळलं तोवर आईला हसू आलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माह्या मागं हा डब्बा लावू नको. तुह्या बापाची खंजिरी वाजव."

या हट्टाला कारणही मीच. मागच्या महिन्यात शेजारच्या म्हाताऱ्याला नेलं तेव्हा असाच एक टेप कुणाकडून तरी मागून नेला होता. आपल्याकडे खांदेकरी खंजिरीच्या ठेक्यावर पाय टाकतात, आता ते टेपच्या ठेक्यावर टाकतात. तुमच्या मंडळातला उरलेला एकुलता एक टाळकरी टेप गळ्यात अडकवून पुढे चालला होता. धानाच्या बांधावर सेल उतरले. गाणाऱ्याचा आवाज रेड्यासारखा जड झाला, भजन रेंगाळायला लागलं, आणि खांदेकऱ्यांचे पायही रेंगाळायला लागले. ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी भजन बंद पडलं तसे चौघेही तिरडी खांद्यावर घेऊन बांधावर उभे. मागून म्हाताऱ्याचा भाऊ म्हणाला, "काऊन थांबले रे? गाना मेला तं मेला, आमचा भाऊ तं सकाळीच मेला." लोकांना हसू आवरेना. मग हसल्याची लाज वाटून सगळे एकदम नामस्मरण करू लागले, ज्याचा त्याचा सूर वेगळा. घरी येऊन आईला सांगितलं तर खोकला येईपर्यंत हसली. बांधावर असं थांबून राहायचं नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवलं असणार.

चुलीवरच्या खुंटीवरून खंजिरी काढली. घोरपडीचं कातडं पार सैल. निखाऱ्यावर धरून शेकली, तुम्ही करायचे तशी गालाला लावून पाहिली. आणि तो दिवस आठवला. देवळासमोर मंडळ बसलं आहे. तुम्ही पहिल्यांदाच खंजिरी माझ्या हातात देता, आणि दोन कडवी होत नाहीत तोच ओढून घेता. "बैलगाडी हाकून राह्यला का? मागं पडते तुहा हात." टाळकरी हसतात. त्यानंतर मी मंडळात बसलो नाही. देवाचं नाव घेतलं ते मनातल्या मनात, तिथं ठेका कुणी पाहत नाही.

काल संध्याकाळी आईच्या खाटेजवळ बसून वाजवली. मुद्दाम हात पळवला, तुमच्यासारखा.

"इतका कायले पळते?" आई म्हणाली.

"बाबा असेच वाजवत होते."

"तुहा बाप मढ्याले भेत होता. कवा नेतो, कवा आंघोळ करून घरी येतो, असं होये त्याले. खांदेकरी धापा टाकत मसनात पोहोचत. मंग देवळातबी तोच हात बसला. तुहा हात बरोबर होता."

"मंग तवा काऊन नाई बोलली?"

"चार मानसांत नवऱ्याले सांगू, का तू मढ्याले भेते म्हनून?"

अर्धं आयुष्य मी स्वतःला बेताल समजत आलो. देह मातीचा आहे असं गाऊन तुम्ही सगळ्या गावाला रडवलं, आणि स्वतः त्या मातीपासून पळत होता. अन् ही बाई ते पोटात ठेवून तुम्हाला भाकर वाढत होती. देवाच्या घरचा हिशेब मला कळत नाही, पण तुमच्या दोघांचा तर त्याहून कळत नाही.

मग आई म्हणाली, "माह्या वेळेस हळू वाजव. मले घाई नाई. वाटंत आपलं वावर लागते, तेवढं पाहून जाऊ दे."

तिला पाहता येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मी हो म्हणालो. आजही बसलो होतो. सुरुवात माझ्या जुन्या हातानं होते, बैलगाडीच्या चालीनं. आई डोळे मिटून बोटानं खाटेच्या लाकडी पाटीवर ठेका धरते. मनातल्या मनात मी तिला घेऊन चालतो, देऊळ मागे पडतं, बांध येतो, आणि आपलं वावर दिसायला लागलं की हात पळतो.

हा कागद तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही म्हणूनच लिहितो. मलाही भीती वाटते, बाबा.