अर्ध्या वहीचा वारस

मी, लुओंग थी स्वेन, वय एकोणऐंशी, धंदा जाळी विणणे आणि वर्षातून एकदा देवापुढे गाणे, राहणार वानवेई बेट, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. काल त्यांचा हरवलेला चष्मा मीच शोधून दिला.

१. घर मुलगा क्वी याला. पूर्वजांपुढे रोज उदबत्ती लागली पाहिजे. सूनबाई वाट्या धुऊन पालथ्या घालते, ते माझ्यामागे चालणार नाही. दर्यावर जाणाऱ्याच्या घरात भांडे पालथे म्हणजे होडी पालथी.

२. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, तीही क्वीलाच. मात्र ती किनाऱ्याला लागली की जो कोणी टोपली घेऊन येईल, त्याला मासळी द्यावी, मग तो परका का असेना. या बेटावर आजवर कोणी हात आखडता घेतलेला नाही. क्वी, पहिला तू ठरू नकोस.

३. देवापुढे गाताना घालायचा रेशमी अंगरखा नात दाओला. तिला तो ढगळ होईल. तिने अंगरखा लहान करू नये, चार घास जास्त खावेत.

४. आता गाण्यांची वही. आमच्या गुरुजींनी मरताना तिचे दोन भाग केले. पहिला मला दिला, दुसरा व्हो थी मिएनला. म्हणाले, "दोघी भांडखोर आहात. एकीला सगळी दिली तर दुसरी देवळाची पायरी चढणार नाही." माणूस ओळखावा तर त्यांनी.

सव्वीस वर्षांपूर्वी मिएन आमच्या होडीवर जेवली आणि वाटी धुऊन पालथी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी होडी उलटली. माझे यजमान होआन पोहत आले, तेही हसत. जाळी मात्र बुडाली. मी मिएनशी बोलणे टाकले. तरी दरवर्षी सहाव्या महिन्यात समुद्रावरून देव आणला की आम्ही शेजारी उभ्या राहतो. एक गाते, दुसरी बांबूच्या पट्ट्यांवर ताल धरते. तालात तिने मला कधी दगा दिला नाही. होआन म्हणायचे, "अगं, वारा होता आणि सुकाणू माझ्या हातात होतं. वाटीला कशाला बोल लावतेस?" मला ते तेव्हाच पटले होते. मिएनला सांगायचे राहिले.

वहीतली जुनी अक्षरे आता आम्हा दोघींनाच वाचता येतात. मी गेल्यावर देवाला अर्धेच गाणे ऐकून परत जावे लागेल, याची मला फार भीती वाटते. म्हणून माझा भाग मिएनला. तिने दोन्ही भाग एकत्र शिवून दाओला शिकवावे. पोर चुकली तर रागवावे. ते तिला छान जमते.

साक्षीदार:
१. बुई वान थिन्ह, देवळाचे पुजारी (सही)
२. व्हो थी मिएन (सही नाही)

खुलासा: तिने हे वाचावे म्हणूनच मी तिला साक्षीला बोलावले होते. शेवटपर्यंत वाचून तिने पेन खाली ठेवले आणि सव्वीस वर्षांनी थेट माझ्याशी बोलली. "साक्षीदाराला काही घेता येत नाही, एवढा कायदा मलाही कळतो. सही दुसऱ्या कोणाची तरी घे." मग पिशवीतून आपला भाग काढून माझ्यापुढे आपटला. "आणि तू मरायची वाट कशाला बघायची? आण सुई-दोरा!"

३. तो क्वांग न्यू, शाळेचे मास्तर, मिएनऐवजी (सही)

वही शिवून झाली. दाओचा पहिला धडा उद्या सकाळी. चहाच्या वाट्या मिएननेच धुतल्या आणि माझ्याकडे बघत एकेक उताणी ठेवली.

लुओंग थी स्वेन (सही)
वानवेई, सहाव्या चांद्रमासाचा सातवा दिवस. देव यायला दोन दिवस.